अपडेटनंतर कॉम्प्युटरवर गाणी वाजेनात? ड्रायव्हर उडवण्याआधी या क्रमाने तपासा

हळदीच्या दिवशी दुपारी फोन येतो. "गाणंच लागत नई ना भो! सकाळी अपडेट झालं अन् आवाज गायब." मी विचारतो, मग काय काय केलं? उत्तर ठरलेलं असतं. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यात सांगितलं तसा ड्रायव्हर (कॉम्प्युटरचा एखादा भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) उडवला, कुठून तरी 'ड्रायव्हर पॅक' उतरवला, त्याच्यासोबत नको ती तीन सॉफ्टवेअरं आली आणि आता शेजारचा मुलगा फॉरमॅट मारू म्हणतोय. लॅपटॉप माझ्या टेबलावर येतो तेव्हा कळतं की आवाज बंद झालेलाच नव्हता. अपडेटनंतर तो एचडीएमआयने जोडलेल्या टीव्हीकडे वळला होता आणि टीव्ही म्यूट होता.

अमळनेरात दुरुस्तीच्या टेबलावर बसून मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता क्रमच लिहून ठेवतो. लोक चुकतात ते ज्ञानात कमी, क्रमात जास्त. जे शेवटी करायचं ते सगळ्यात आधी करतात, आणि दोन मिनिटांची तपासणी राहूनच जाते. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर दुकानांतले आणि मंगल कार्यालयांतले बरेच जुने कॉम्प्युटर विंडोज ११ वर गेले, म्हणून या तक्रारीही वाढल्या. खालचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. नावं विंडोज ११ ची दिली आहेत. १० मध्ये एखादं बटण इकडे-तिकडे असेल.

## आधी तयारी

एक वही घ्या. खरंच घ्या. बदल एका वेळी एकच करायचा, तो लिहायचा, गाणं लावून बघायचं, मग पुढचा. पाच बदल एकदम केले आणि आवाज आला, तर कशाने आला ते कळत नाही. नाही आला, तर परत कुठे जायचं तेही कळत नाही.

वीज बघा. लोडशेडिंगची वेळ जवळ असेल तर ड्रायव्हरच्या कामाला बसू नका. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा, डेस्कटॉप असेल तर यूपीएस. अपडेट किंवा ड्रायव्हर अर्धवट बसला असताना लाइट गेली, तर आवाजाचा प्रश्न बाजूला राहून कॉम्प्युटर सुरू करण्याचाच प्रश्न उभा राहतो.

गाण्यांची एक प्रत बाहेर काढा. आखाजीची, कानबाईची, लग्नातली अहिराणी गाणी लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेली असतात. कुणाकडे आजीच्या आवाजातल्या ओव्या असतात, त्या दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. पेन ड्राइव्हवर नुसतं कॉपी करून थांबू नका. तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून त्यातली दोन-चार गाणी वाजवून बघा.

नंतर स्टार्टमध्ये इंग्रजीत 'क्रिएट अ रीस्टोअर पॉइंट' टाइप करा, सी ड्राइव्हसाठी प्रोटेक्शन चालू आहे का बघा आणि एक पॉइंट तयार करा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आजच्या स्थितीला परत नेता येईल. बऱ्याच मशिनांवर हे बंदच असतं.

शेवटचं म्हणजे लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल नंबर वहीत लिहून घ्या. ड्रायव्हर लागलाच तर तो कंपनीच्या सपोर्ट पानावरून, याच नंबराने घ्यायचा.

## टप्पा १ : रीस्टार्ट करा, शटडाउन करू नका

"बंद करून चालू केलं की," असं सगळेच सांगतात. पण विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउनने विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते, त्यामुळे बिघडलेला ड्रायव्हरही तसाच परत येतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून स्टार्टमधून रीस्टार्टच निवडा. पॉवर बटण दाबून धरणं हा उपाय नाही.

सुरू झाल्यावर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा. तिथे 'रीस्टार्ट रिक्वायर्ड' किंवा अर्धवट राहिलेलं काही दिसलं तर ते आधी पूर्ण होऊ द्या. अपडेट अर्धं झालेलं असताना पुढच्या कुठल्याच तपासणीला अर्थ नाही. बऱ्याचदा निम्मं अपडेट काल झालेलं असतं आणि उरलेलं या रीस्टार्टची वाट बघत असतं.

तपासणी : दोनदा रीस्टार्ट केल्यावरही प्रश्न तसाच असेल तरच पुढे जा.

## टप्पा २ : 'आवाज नाही' म्हणजे नेमकं काय?

हा टप्पा लोक गाळतात आणि इथेच दिवस वाया जातो. 'गाणं लागत नाही' या एका वाक्यात चार वेगळे आजार असतात. कशातूनच काही आवाज येत नाही, हा पहिला. एकाच प्लेअरमधून येत नाही, बाकी सगळं वाजतं, हा दुसरा. आवाज येतो पण तुटतो, खरखरतो किंवा डब्यातून आल्यासारखा येतो, हा तिसरा. आणि प्लेअर ठीक आहे पण गाणी किंवा याद्याच सापडत नाहीत, हा चौथा. चौघांची औषधं वेगळी आहेत.

ओळखायची सोपी युक्ती सांगतो. कीबोर्डवर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत एम-एम-एस-वाय-एस, मग टिंब, मग सी-पी-एल असं टाइप करून एंटर मारा. साउंडची जुनी खिडकी उघडेल. तिचा 'प्लेबॅक' टॅब समोर ठेवा आणि मागे एखादं गाणं लावा. गाणं कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवरचं असावं, इंटरनेटवरचं नको. आता प्रत्येक उपकरणाच्या उजवीकडच्या उभ्या पट्टीकडे बघा.

पट्टी हिरवी होऊन नाचतेय पण कानावर काही येत नाही, तर विंडोज आपलं काम करतंय. खोट पुढे आहे : वायर, स्पीकर, मिक्सर, किंवा चुकीचं उपकरण. टप्पा ३ ला जा. पट्टी भलत्याच उपकरणासमोर नाचतेय, तरी टप्पा ३.

कुठलीच पट्टी हलत नाही, पण ब्राउझरमध्ये काही लावलं की हलते. मग खोट त्या एका प्लेअरमध्ये आहे. टप्पा ३ मधलं व्हॉल्यूम मिक्सर बघा आणि तरीही नाही जमलं तर तेवढा प्लेअर काढून परत टाका. ड्रायव्हरला हात लावायचं कारण नाही.

कशानेच हलत नाही, किंवा उपकरणांची यादीच रिकामी आहे, तर टप्पा ४ आणि ५. आवाज आहे पण खराब, तर थेट टप्पा ६. गाणीच गायब, तर टप्पा ७.

## टप्पा ३ : आवाज जातोय कुठे?

टास्कबारवरच्या स्पीकरच्या चित्राशेजारी बाण असतो. तिथून किंवा विंडोज, कंट्रोल आणि व्ही या तीन कळा एकत्र दाबून आउटपुटची यादी उघडते. अपडेटनंतर विंडोज स्वतःच एखादं उपकरण मुख्य धरून बसतं. ते एचडीएमआयचा टीव्ही किंवा मॉनिटर असू शकतं, वा कधी काळी जोडलेला ब्लूटूथ स्पीकर. तुमचा खरा स्पीकर निवडा.

यादीत तो दिसतच नसेल तर आधी उघडलेल्या 'प्लेबॅक' खिडकीत मोकळ्या जागेवर उजवं क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस' वर खूण करा. राखाडी रंगात सापडला तर उजवं क्लिक करून 'एनेबल'.

मग सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड, व्हॉल्यूम मिक्सर. इथे प्रत्येक सॉफ्टवेअरचा आवाज वेगळा असतो आणि त्याचं आउटपुटही वेगळं असू शकतं. एखादा प्लेअर शून्यावर किंवा जुन्या, आता नसलेल्या उपकरणावर अडकलेला सापडतो. खाली 'रीसेट' आहे, ते दाबलं की सगळे मूळ जागी येतात.

आता वायरी. डेस्कटॉपच्या मागचं हिरवं भोक आवाज बाहेर जाण्याचं, गुलाबी माइकचं, निळं आवाज आत घेण्याचं. पुढच्या बाजूची भोकं सैल असतात, एकदा मागे लावून बघाच. पिन घातल्यावर काही मशिनांवर रिअलटेकचं (आवाजाच्या चिपा बनवणाऱ्या कंपनीचं) सॉफ्टवेअर विचारतं, काय जोडलं? घाईत कुणीतरी 'माइक' वर क्लिक केलेलं असतं आणि मग हेडफोनमधून चकार शब्द येत नाही. पिन काढून परत घाला आणि बरोबर उत्तर द्या.

सावधान : मिक्सर किंवा अ‍ॅम्प्लिफायर जोडलेला असेल तर वायर काढण्याआधी त्याचा आवाज शून्यावर आणा. चालू अ‍ॅम्पवर पिन ओढली की 'ठप्प' असा धक्का बसतो. त्यात स्पीकरचं ट्विटर (बारीक, उंच आवाज काढणारा भाग) जातं आणि त्याचं खापर पुन्हा अपडेटवर फुटतं.

## टप्पा ४ : आवाजाच्या सेवा

स्टार्टमध्ये इंग्रजीत 'सर्व्हिसेस' टाइप करा. लांबलचक यादीत 'विंडोज ऑडिओ' आणि 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' ही दोन नावं शोधा. दोन्हींसमोर 'रनिंग' आणि 'ऑटोमॅटिक' असायला हवं. उजवं क्लिक करून दोन्ही रीस्टार्ट करा, आधी एंडपॉइंट बिल्डर. विंडोज ऑडिओ ही सेवा एंडपॉइंट बिल्डरवर अवलंबून असल्याने विंडोज दोन्ही एकत्र रीस्टार्ट करू का विचारेल, हो म्हणा.

'ऑडिओ सर्व्हिसेस नॉट रिस्पॉन्डिंग' असा संदेश येत असेल तर बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. सेवा सुरूच होत नसेल तर टर्मिनल (हुकूम टाइप करायची खिडकी) अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि एस-एफ-सी, एक मोकळी जागा, पुढे झुकलेली तिरकी रेघ, लगेच 'स्कॅननाऊ' हा शब्द जोडून टाइप करा. विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासल्या जातात. वेळ लागतो, मध्येच खिडकी बंद करू नका.

## टप्पा ५ : ड्रायव्हर

इथपर्यंत येणारी मशिनं थोडी असतात. पण आलात तर सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यात होतं.

स्टार्टवर उजवं क्लिक, डिव्हाइस मॅनेजर. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' उघडा. ज्या नावावर पिवळी खूण आहे त्यावर दोनदा क्लिक करून 'डिव्हाइस स्टेटस' मधला कोड वहीत लिहा. कोड न बघता ड्रायव्हर बदलणं म्हणजे नाडी न बघता गोळी देणं. कोड २२ असेल तर उपकरण फक्त बंद केलेलं आहे, 'एनेबल' करा, झालं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पटलेली नाही. जुन्या साउंड कार्डांवर आणि कुठून तरी उतरवलेल्या ड्रायव्हरवर हा दिसतो. कोड १० म्हणजे उपकरण सुरूच होऊ शकत नाही.

कोड १० दिसला की लोक कार्ड मेलं म्हणून फेकून देतात. जानेवारी २०२५ च्या विंडोज सुरक्षा अपडेटनंतर काही यूएसबी डॅकना हाच कोड येऊ लागला होता. डॅक म्हणजे यूएसबीला लागणारी बाहेरची साउंड डबी. मायक्रोसॉफ्टने ती अडचण मान्य केली आणि दुरुस्ती येईपर्यंत डॅक मध्ये न ठेवता हेडफोन किंवा स्पीकर थेट कॉम्प्युटरला जोडा असं सांगितलं. तेव्हा यूएसबीचं उपकरण अपडेटच्या दुसऱ्याच दिवशी 'मेलं' असेल, तर ते आधी दुसऱ्या, अपडेट न झालेल्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथे वाजलं तर उपकरण धडधाकट आहे.

पिवळी खूण साउंडच्या यादीत नाही आणि रिअलटेकचं नावही नाही? मग खाली 'सिस्टीम डिव्हायसेस' मध्ये बघा. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत आवाजाची चिप 'इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी' या वाहिनीच्या मागे बसलेली असते. वाहिनीवर पिवळी खूण असेल तर मागचं काहीच दिसणार नाही, आणि नुसता रिअलटेकचा ड्रायव्हर कितीदाही टाकला तरी फरक पडणार नाही. आधी लॅपटॉप कंपनीच्या पानावरून इंटेलचा तो ड्रायव्हर, मग रिअलटेकचा.

आता बदलायचा क्रम. हा उलटा करू नका.

१. रोल बॅक. उपकरणाच्या 'प्रॉपर्टीज' मध्ये 'ड्रायव्हर' टॅब, 'रोल बॅक ड्रायव्हर'. अपडेटने नवा ड्रायव्हर बसवला असेल तर हे बटण चालू दिसेल आणि एका क्लिकमध्ये जुना परत येईल. बटण फिकं असेल तर मागे जायला जुना ड्रायव्हरच ठेवलेला नाही.

२. विंडोजचा साधा ड्रायव्हर. 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउज माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक'. यादीत 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' असेल ते निवडा. विंडोज बजावेल, तरी पुढे जा. यात कंपनीचे इक्वलायझर वगैरे जातील, पण गाणं वाजेल. कार्यक्रम संध्याकाळी असेल तर मी इथेच थांबतो आणि बाकीचं उद्यावर ढकलतो. ही यादी दिसते ती साध्या एचडी ऑडिओ चिपसाठी. वर सांगितलेल्या इंटेल वाहिनीच्या मागे चिप असेल तर हा पर्याय चालेलच असं नाही.

३. कंपनीचा ड्रायव्हर. मॉडेल नंबराने शोधा, विंडोजची आवृत्ती जुळते का बघा. जुन्या असेंबल डेस्कटॉपवर नियम वाकवून विंडोज ११ टाकलं असेल तर त्याच्या मदरबोर्डच्या पानावर ११ साठी काहीच नसणार. तिथे क्रमांक २ हाच कायमचा उपाय समजा.

४. सगळ्यात शेवटी अनइन्स्टॉल. 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करताना ड्रायव्हरची फाइलही काढण्याचा चौकोन दिसतो. कंपनीचा ड्रायव्हर आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवलेला नसेल तर त्या चौकोनात खूण करू नका. मग रीस्टार्ट करा, विंडोज उपकरण पुन्हा शोधून बसवतं.

सावधान : 'तुमचे २३ ड्रायव्हर जुने आहेत' असं सांगणारी सॉफ्टवेअरं टाकू नका. आवाजाचा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला ती वायफायचाही प्रश्न देऊन जातात, आणि वायफाय गेलं की बरोबर ड्रायव्हर उतरवायची वाटही बंद.

## टप्पा ६ : आवाज येतो, पण तुटतो

आधी बघा, मागे अजून अपडेट उतरतंय का. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकीकडे विंडोज काहीशे एमबी ओढत असेल आणि दुसरीकडे तुम्ही ऑनलाइन गाणं लावत असाल, तर ते अडखळणारच. डिस्कवरचं गाणं सुरळीत वाजतं का बघा. वाजत असेल तर दोष आवाजाचा नाही, नेटचा आहे. मोठ्या अपडेटनंतर पहिला तास-दोन तास विंडोज स्वतःची आवराआवर करत असतं, तेव्हाही जुनी मशिनं अडखळतात. तेवढा वेळ द्या.

डिस्कवरचंही तुटत असेल तर 'प्लेबॅक' खिडकीतून स्पीकरची 'प्रॉपर्टीज' उघडा. 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये फॉरमॅट १६ बिट, ४४१०० किंवा ४८००० हर्ट्झ ठेवा. स्वस्त यूएसबी कार्डांवर अपडेटनंतर मोठा आकडा बसलेला असतो आणि तो त्यांना झेपत नाही. सेटिंग्जमधल्या साउंडमध्ये त्याच उपकरणाखाली 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' आहे, ते 'ऑफ' करा. एक प्लेअर चालू असताना दुसरा मुका होत असेल, तर 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमधल्याच 'एक्सक्लुझिव्ह' च्या खुणा काढा. डीजे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हे हमखास भेटतं.

यूएसबी कार्डचा आवाज दर थोड्या वेळाने जात-येत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब' च्या 'पॉवर मॅनेजमेंट' मधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका. मोठं अपडेट ती पुन्हा चालू करून ठेवू शकतं.

ब्लूटूथ हेडफोनमधून आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय? मग तो 'हँड्स-फ्री' वर गेलाय. माइक वापरणारं एखादं सॉफ्टवेअर मागे चालू असलं की असं होतं, कारण जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर माइक आणि चांगला स्टिरिओ एकत्र चालत नाहीत. मीटिंगचं सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा आणि आउटपुटच्या यादीत दोन नावं दिसत असतील तर 'स्टिरिओ' लिहिलेलं निवडा.

प्रत्येक खरखर अपडेटची नसते, हेही सांगून ठेवतो. सतत 'हूंऽऽ' असा गुणगुणाट असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुणगुणाट थांबला तर प्रश्न अर्थिंगचा आहे, कॉम्प्युटरवाल्याला नाही, वायरमनला बोलवा. आणि मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना पत्र्याच्या मांडवात लॅपटॉप गादीवर ठेवला असेल, तर तापून तो स्वतःच मंद होतो आणि गाणं गचके खातं. खाली दोन विटा लावून हवा मोकळी करा, समोर पंखा ठेवा, मग बोला.

## टप्पा ७ : आवाज आहे, गाणी नाहीत

लोक घाबरतात ते इथे. "सगळी गाणी उडाली!" बहुतेक वेळा ती उडालेली नसतात, पत्ता बदललेला असतो.

बाहेरची हार्ड डिस्क काल ई होती, आज एफ झाली. प्लेअर अजून ई वरच शोधतोय. स्टार्टवर उजवं क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, त्या भागावर उजवं क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', आणि जुनं अक्षर परत द्या. कायमचा त्रास नको असेल तर गाण्यांच्या डिस्कला एम किंवा आर असं लांबचं अक्षर द्या; नव्या पेन ड्राइव्हला विंडोज जवळची अक्षरं देतं, ही सहसा मोकळी राहतात.

सावधान : याच खिडकीत 'फॉरमॅट' ही शेजारीच असतं. डिस्कबद्दल 'इनिशियलाइझ करू का' असा प्रश्न आला तर रद्द करा आणि आधी वायर बदलून बघा.

याद्यांचा प्रश्न वेगळा. डॉट एम-थ्री-यू ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, आत गाण्यांचे पत्ते. नोटपॅडमध्ये उघडा. पत्त्यात जुनं अक्षर दिसेल. कंट्रोल आणि एच दाबून जुनं अक्षर बदलून नवं घाला. मूळ फाइलची प्रत ठेवूनच. यादी गाण्यांच्याच फोल्डरमध्ये असेल आणि आत फक्त फाइलींची नावं असतील, तर ड्राइव्हचं अक्षर काहीही होवो, ती चालते. मी आता सगळ्यांना तशीच करून देतो.

देवनागरी नावं असतील तर आणखी एक खोड भेटते. 'कानबाई रोट ०३' असं नाव यादीत नुसती प्रश्नचिन्हं होऊन बसतं आणि ते गाणं वगळलं जातं. जुन्या प्लेअरने यादी जुन्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) साठवली की असं होतं. प्रश्नचिन्हं झालेली अक्षरं परत येत नाहीत, ती नावं पुन्हा लिहावी लागतात. साठवताना नोटपॅडच्या 'सेव्ह अ‍ॅज' मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा आणि फाइलच्या शेपटाला एम-थ्री-यू च्या पुढे ८ चा इंग्रजी आकडा जोडा. व्हीएलसी अशी यादी नीट वाचतो.

गाण्याच्या फाइलीशेजारी ढगाचं चित्र दिसतंय? म्हणजे ती तुमच्या डिस्कवर नाही, वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीत आहे. अपडेटनंतर येणाऱ्या 'तुमचे फोल्डर बॅकअप करू का' या प्रश्नाला घाईत हो म्हटलेलं असतं. नेट असेपर्यंत कळत नाही, शेतातल्या मांडवात कळतं. फोल्डरवर उजवं क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि ढगाच्या जागी भरीव हिरवी खूण येईपर्यंत थांबा.

गाणं भलत्याच प्लेअरमध्ये उघडत असेल तर काळजीचं काही नाही. उजवं क्लिक, 'ओपन विथ', 'चूज अनदर अ‍ॅप', आपला प्लेअर निवडून 'ऑलवेज'. आणि एखादंच गाणं वाजत नसेल तर त्याचा आकार बघा. शून्य केबी असेल तर ते आधीच गेलेलं आहे, तयारीत काढलेल्या प्रतीकडे जा.

## टप्पा ८ : अपडेटच मागे घेणं

आधीचं सगळं करून झालं आणि वहीत ते लिहिलेलं असेल, तरच. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, 'अपडेट हिस्टरी', खाली 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. केबीने सुरू होणारा क्रमांक आणि तारीख बघून ज्या दिवशी आवाज गेला त्या दिवशीचंच काढा. सुरक्षा अपडेट काढलं तर दरवाजा उघडा राहतो, तेव्हा दुरुस्ती आली की परत टाका.

विंडोजची पूर्ण आवृत्तीच बदलली असेल, म्हणजे १० वरून ११ झालं असेल, तर सिस्टीममधल्या 'रिकव्हरी' मध्ये 'गो बॅक' असतं. मुदत फक्त १० दिवसांची. सी ड्राइव्ह भरला म्हणून कुणी 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर साफ केलं असेल तर ही वाट १० दिवसांच्या आतही बंद होते. नव्या विंडोजवर गेलात तर दहा दिवस डिस्कची सफाई करू नका. आणि मागे आलात ते विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट संपलेला आहे हे धरून चाला.

फॉरमॅट? गेल्या कित्येक महिन्यांत केवळ आवाजासाठी मला एकदाही करावा लागलेला नाही.

## कार्यक्रमाच्या आठवड्यात

लग्न, कानबाईचं जागरण, पालखी, गणपती, जे असेल त्याच्या आठवडाभर आधी अपडेट करून घ्या, म्हणजे बिघडलं तर हातात दिवस राहतात. मग विंडोज अपडेटमध्ये 'पॉज अपडेट्स' लावा. विंडोज ११ मध्ये ते पाच आठवड्यांपर्यंत लांबवता येतं. हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स', म्हणजे अपडेटसाठी विंडोजने स्वतःहून रीस्टार्ट करायचं नाही ते तास, हाताने ठरवा. जास्तीत जास्त १८ तास देता येतात, संध्याकाळ आणि रात्र त्यात येऊ द्या.

दोन दिवस आधी खऱ्या स्पीकरवर, खऱ्या वायरीने, नेट बंद करून अर्धा तास सलग वाजवा. घरच्या हेडफोनवर केलेली चाचणी धरू नका. सगळं ठीक वाजलं की त्या क्षणापासून मशिनला हात लावायचा नाही, पुतण्याने कितीही म्हटलं "फक्त एक गेम टाकतो" तरी.

पिशवीत आणखी तीन वस्तू ठेवा : गाणी भरलेला पेन ड्राइव्ह, साधं चालणारं यूएसबी साउंड कार्ड आणि मोबाइल थेट मिक्सरला लावायची वायर. मोबाइलला हेडफोनचं भोक नसेल तर टाइप-सी चा जोड आजच घ्या. रात्री नऊ वाजता गावात तो मिळत नाही.

एवढं करूनही दुरुस्तीवाल्याकडे जावं लागलं तर वही सोबत न्या. त्यात आवाज गेल्याची तारीख, अपडेटचा क्रमांक, डिव्हाइस मॅनेजरमधला कोड, हिरवी पट्टी नाचते की नाही आणि आतापर्यंत काय काय बदललं, एवढं असलं की माझ्यासारख्याचं निम्मं काम झालेलं असतं. चार्जर मात्र विसरू नका, तो घरी ठेवूनच बरेच जण येतात.